विश्लेषण : विलीनीकरण ३४ हजार मतांनी हरले, तरी भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्रिपदी परतले कसे?

दमण गुजरातमध्ये का नाही आणि गोवा महाराष्ट्रात का नाही? दोन्ही प्रश्नांची उत्तरे १६ जानेवारी १९६७ या एकाच दिवसात सापडतात. त्या दिवशी ज्या नेत्याची आयुष्यातली सर्वात मोठी मागणी मतपेटीत हरली, त्याची ही गोष्ट.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून चिल्हार फाट्याने बोईसरकडे वळले की वाटेत बेटेगाव लागते. न वळता महामार्गाने सरळ उत्तरेला गेले तर तलासरीनंतर गुजरात सुरू होतो आणि वापीहून पुढे दमण. बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्यातल्या अनेकांसाठी दमण म्हणजे सुट्टीच्या दिवशी जाऊन यायचे ठिकाण. तिथली स्वस्त दारू आणि ती चोरून आणणाऱ्या गाड्यांवर पालघर जिल्ह्यात होणाऱ्या कारवाया या बातम्याही वाचकांना नव्या नाहीत.

चारही बाजूंनी दारूबंदीचा गुजरात आणि समुद्र असताना दमणमध्ये वेगळा कायदा कसा? कारण दमण कधी गुजरातचा भाग झालेच नाही. तसे ते होण्याची वेळ एकदा आली होती. तेव्हा दमणचा कारभार शेकडो किलोमीटर दक्षिणेला पणजीतून चालत असे आणि तिथल्या मुख्यमंत्र्यांचे नाव होते दयानंद बांदोडकर. गोव्यात आजही त्यांना भाऊसाहेब म्हणूनच ओळखतात.

कोण होते भाऊसाहेब बांदोडकर?

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी गोव्याच्या उत्तर टोकाला असलेल्या पेडणे इथे झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. ते गोमंतक मराठा समाजातले. देवळांच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या, गाणे-बजावणे जपणाऱ्या आणि तरीही गावगाड्यात खालचे स्थान मिळालेल्या कुटुंबांनी एकत्र येऊन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या समाजाची बांधणी केली होती. बांदोडकरांचे पुढचे सगळे राजकारण समजून घ्यायचे तर ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याच्या अर्थकारणाला कलाटणी मिळाली ती लोहखनिजामुळे. जपानला पोलादासाठी खनिज हवे होते आणि डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या डोंगरांत ते होते. मांडवी आणि जुवारी नद्यांतून बार्जेस मुरगाव बंदराकडे जाऊ लागल्या. या धंद्यात उतरलेल्यांपैकी बांदोडकर एक. पन्नाशी गाठेपर्यंत ते गोव्यातल्या श्रीमंत खाणमालकांत गणले जात होते.

पैसा आल्यावर त्यांचे नाव झाले ते दानशूर म्हणून. शाळा, गरीब विद्यार्थी, देवळे, नाट्यमंडळी, खेळाडू अशा सगळ्यांना त्यांचा हात लागे. क्रिकेटचे त्यांना वेड होते. पोर्तुगीज राजवटीत निवडणुकीचे राजकारण जवळपास नव्हतेच. त्यामुळे १९६१ पर्यंत त्यांची ओळख उद्योजक आणि दाता एवढीच होती.

मग राजकारणात कसे आले?

१९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय लष्कराच्या ‘ऑपरेशन विजय’नंतर गोवा, दमण आणि दीव मुक्त झाले. तिन्ही मिळून एक केंद्रशासित प्रदेश बनला. गोवा कोकण किनाऱ्यावर, दमण गुजरातच्या दक्षिण टोकाला आणि दीव हे सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगतचे बेट. या तीन तुकड्यांना जोडणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे पोर्तुगीज सत्ता. ती गेल्यावर हा प्रदेश एकत्र का ठेवायचा, हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

त्याच्या दीडच वर्ष आधी, १ मे १९६० रोजी, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून महाराष्ट्र राज्य झाले होते. भाषेवर राज्य ही कल्पना ताजी होती. गोव्यात घरोघरी कोकणी बोलली जात असली तरी हिंदू कुटुंबांत शिक्षण, भजन-कीर्तन, नाटक आणि वृत्तपत्रे मराठीत होती. त्यामुळे गोवा महाराष्ट्राचाच भाग, असे मानणारा मोठा वर्ग होता. तेव्हाच्या म्हैसूर राज्यालाही, म्हणजे आजच्या कर्नाटकालाही, गोव्यात रस होता. पंतप्रधान नेहरूंनी मात्र गोव्याचे वेगळेपण काही काळ तरी जपले जाईल, असे आश्वासन दिले होते.

१९६३ मध्ये केंद्रशासित प्रदेशांसाठी नवा कायदा झाला आणि गोव्याला ३० सदस्यांची विधानसभा मिळाली. गोव्याच्या २८ जागा, दमणची एक आणि दीवची एक. त्याच वर्षी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे ‘मगोप’, स्थापन झाला. नावातच मागणी होती : गोवा महाराष्ट्रात विलीन करा. बांदोडकर या पक्षाचा चेहरा बनले.

समोर होता डॉ. जॅक द सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. त्याची मागणी नेमकी उलट होती : गोवा वेगळाच राहिला पाहिजे. त्याचा मुख्य आधार ख्रिस्ती समाज. मगोपची निशाणी सिंह, युनायटेड गोवन्सची हात.

१९६३ च्या निवडणुकीत काय झाले?

९ डिसेंबर १९६३ रोजी मतदान झाले. निकालाने दिल्लीला धक्का बसला. ज्या काँग्रेसचे सरकार केंद्रात होते आणि ज्या सरकारने गोवा मुक्त केला, त्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. तिची एकमेव जागा आली ती दमणमध्ये. मगोपला १४ जागा मिळाल्या आणि साथ देणाऱ्या दोघांसह त्यांचे बळ १६ झाले. युनायटेड गोवन्सला १२.

बांदोडकर स्वतः या निवडणुकीत उभे नव्हते. तरी पक्षाने नेता म्हणून त्यांनाच निवडले आणि २० डिसेंबर १९६३ रोजी ते गोवा, दमण आणि दीवचे पहिले मुख्यमंत्री झाले. विधानसभेत ते नंतर मडकई मतदारसंघातल्या पोटनिवडणुकीतून आले.

मगोपला मते कोणी दिली, हे इथे महत्त्वाचे. गोव्यातली शेतजमीन मोठ्या प्रमाणात भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, आणि देवस्थानांच्या ताब्यात होती. ती कसणारे कूळ आणि भाटकाराच्या जागेत घर करून राहणारे मुंडकार हे बहुजन समाजातले. या लोकांसाठी विलीनीकरण म्हणजे केवळ भाषेचा प्रश्न नव्हता. महाराष्ट्रात ‘कसेल त्याची जमीन’ हे धोरण आले होते. महाराष्ट्रात गेलो तर भाटकारशाहीतून सुटू, हा त्यामागचा हिशेब होता. बांदोडकर स्वतः खाणमालक असले तरी बहुजनांना ते आपले वाटत, कारण मान नाकारला जाणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते.

थेट विलीनीकरण का झाले नाही?

१९६५ च्या सुरुवातीला गोवा विधानसभेत विलीनीकरणाचा ठराव मंजूर झाला. पण राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे. विधानसभेचा ठराव ही फक्त इच्छा ठरते, निर्णय नाही.

विलीनीकरणाच्या विरोधकांचे म्हणणे असे की आमदार निवडताना लोक रस्ता, पाणी, जमीन, जात असे सगळे पाहून मत देतात. त्यावरून प्रदेशाचे अस्तित्व मिटवण्याचा निर्णय लावता येणार नाही. त्यासाठी लोकांना तोच एक प्रश्न वेगळा विचारायला हवा. गोवा काँग्रेसचे नेते पुरुषोत्तम काकोडकर यांनीही दिल्लीत हीच बाजू लावून धरली. नेहरूंचे १९६४ मध्ये निधन झाले, शास्त्रींचे जानेवारी १९६६ मध्ये. निर्णय इंदिरा गांधी यांच्या सरकारवर आला.

भारताच्या घटनेत सार्वमताची तरतूद नाही. म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने केवळ या एका मतदानासाठी स्वतंत्र कायदा केला. त्याला सार्वमत न म्हणता ‘जनमत कौल’ असे नाव दिले. एखाद्या प्रदेशाने शेजारच्या राज्यात जायचे की नाही, यावर स्वतंत्र भारतात कायद्याने घेतलेला असा कौल पुन्हा झालेला नाही.

मतदारांपुढे दोन पर्याय ठेवले गेले. पहिला : गोवा महाराष्ट्रात आणि दमण-दीव गुजरातमध्ये विलीन करणे. दुसरा : तिन्ही मिळून केंद्रशासित प्रदेश म्हणून कायम राहणे. विलीनीकरणाची निशाणी होती फूल, वेगळे राहण्याची दोन पाने.

मुख्यमंत्र्यांनी राजीनामा का दिला?

विरोधकांची आणखी एक अट होती. विलीनीकरणाचा पक्ष सत्तेत असताना हा कौल निष्पक्ष कसा होईल? पोलीस, सरकारी नोकर, तलाठी सगळे मुख्यमंत्र्यांच्या हाताखाली. ही मागणी मान्य झाली. डिसेंबर १९६६ च्या सुरुवातीला बांदोडकरांनी सरकारचा राजीनामा दिला आणि कारभार नायब राज्यपाल के. आर. दामले यांच्याकडे गेला.

राजीनामा देणे म्हणजे प्रचाराच्या ऐन काळात हातातली सगळी यंत्रणा सोडणे. पण अट नाकारली असती तर कौलच लांबणीवर पडण्याचा किंवा निकालावर कायमची शंका राहण्याचा धोका होता. आपण जिंकणार, याची मगोपला खात्री होती. विधानसभेत बहुमत होते आणि महाराष्ट्रातले बडे नेते पाठीशी होते.

प्रचारात कोणते मुद्दे होते?

महिनाभर गोवा ढवळून निघाला. महाराष्ट्रातून नेते, कार्यकर्ते आणि लेखक प्रचाराला उतरले. दैनिक ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने होते. गंमत अशी की विलीनीकरणाच्या विरोधातला सर्वात धारदार प्रचारही मराठीतूनच झाला. मडगावहून निघणाऱ्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने ती आघाडी सांभाळली. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच येई. कोकणी गाणी घेऊन कलापथके गावोगाव फिरली. वेगळेपणाचा मुद्दा केवळ ख्रिस्ती समाजाचा आहे हा समज खोडण्यासाठी हे प्रयत्न होते.

विरोधकांनी रोजच्या जगण्यातले प्रश्न पुढे केले. महाराष्ट्रात गेलो तर गोवा एक जिल्हा होईल, राजधानी मुंबई होईल, लहान कामासाठीही तिकडे धावावे लागेल. सरकारी नोकऱ्या बाहेरच्यांना जातील. मुक्तीनंतर बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांविषयी नाराजी होतीच. महाराष्ट्रात दारूबंदी होती. गोव्यात माडाची सूर काढणारे रेंदेर आणि गावोगावच्या दारूच्या दुकानांवर हजारो कुटुंबांचे पोट चाले. शिवाय कोकणी ही मराठीची बोली ठरून मागे पडेल, ही भीती होती.

मगोपचा युक्तिवाद तितकाच ठोस होता. सहा लाखांच्या आसपास लोकसंख्येचा चिमुकला प्रदेश दिल्लीच्या मेहेरबानीवर किती काळ जगणार? मोठ्या राज्यात गेलो तर शिक्षण, नोकऱ्या आणि जमिनीचे कायदे मिळतील. आणि वेगळा गोवा म्हणजे जुन्याच भाटकारांचा आणि उच्चवर्णीयांचा गोवा, असे त्यांच्या मतदारांना वाटत होते.

निकाल नेमका किती चुरशीचा होता?

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. मोजणी चालू असताना सुरुवातीच्या काही टप्प्यांत पारडे इकडेतिकडे होत राहिले. १९ जानेवारीला निकाल पूर्ण झाला. गोव्याचे आकडे असे :

• एकूण मतदार : ३,८८,४३२
• झालेले मतदान : ३,१७,६३३ (जवळपास ८२ टक्के)
• केंद्रशासित राहण्याच्या बाजूने : १,७२,१९१
• विलीनीकरणाच्या बाजूने : १,३८,१७०
• बाद मते : ७,२७२
• फरक : ३४,०२१

वैध मतांचा विचार केला तर साधारण ५५ विरुद्ध ४५ टक्के. दुसऱ्या शब्दांत, १७ हजारांपेक्षा थोड्या अधिक मतदारांनी पानांऐवजी फुलावर शिक्का मारला असता तर गोवा आज महाराष्ट्राचा जिल्हा असता. एका विधानसभा मतदारसंघाइतक्या मतांवर एका राज्याचे भवितव्य ठरले. दमण-दीवच्या मतदारांनीही केंद्रशासित राहण्याच्या बाजूनेच कौल दिला.

नकाशावर निकालाच्या दोन बाजू स्पष्ट दिसतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत विलीनीकरणाला जोर होता. पोर्तुगीजांनी अठराव्या शतकात घेतलेला हा भाग ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखला जातो. तिथे हिंदू बहुजनांची संख्या मोठी. सासष्टी, तिसवाडी, बार्देश या ‘जुन्या काबिजादीं’नी वेगळेपणाला साथ दिली. सासष्टीतून तर एकतर्फी मतदान झाले.

मगोपचेच मतदार फिरले का?

काही प्रमाणात होय. गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या तेव्हा साधारण एक तृतीयांश होती. त्यातल्या जवळपास सगळ्यांनी दोन पानांवर शिक्का मारला असे धरले, तरी ५५ टक्क्यांचा हिशेब लागत नाही. म्हणजे मोठ्या संख्येने हिंदूंनीही विलीनीकरणाच्या विरोधात मत दिले. त्यात तीन वर्षांपूर्वी सिंहाला मत देणारेही होते.

यामागचे एक कारण खुद्द बांदोडकरांच्या यशात सापडते. १९६३ मध्ये बहुजनांना भाटकारांविरुद्ध मुंबईचा आधार हवा होता. १९६७ पर्यंत पणजीतच त्यांचे सरकार आले होते. १९६४ च्या कृषी कूळ कायद्याने कुळांना जमिनीवरून सहज हुसकावणे अवघड केले होते. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडत होत्या. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी शाळेत गेले नव्हते, त्यांची मुले पाटी घेऊन जाऊ लागली होती. भाऊसाहेब मुख्यमंत्री असताना हे होत असेल, तर महाराष्ट्रात जाऊन भाऊसाहेबांना दोनशे-अडीचशे आमदारांत हरवून का बसायचे, असा विचार अनेकांनी केला. त्यांनी नेता ठेवला, मागणी सोडली.

हरल्यावर पक्ष संपला का नाही?

सगळ्यांना तेच वाटले होते. ज्या एका मागणीसाठी पक्ष जन्मला ती लोकांनीच फेटाळली. युनायटेड गोवन्सला आता सत्ता आपलीच, असा विश्वास होता.

दोन महिन्यांनी, २८ मार्च १९६७ रोजी, विधानसभा निवडणूक झाली. मगोपला १६ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला पुन्हा १२, अपक्षांना दोन. एप्रिलमध्ये बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

कौल आणि निवडणूक यांत लोकांनी दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे दिली होती. प्रदेश वेगळा हवा, पण तो चालवायला भाऊसाहेबच हवेत. विरोधकांनी जो मुद्दा मांडून जनमत कौल मिळवला, तोच मुद्दा त्यांच्यावर असा उलटला.

बांदोडकरांनीही निकाल मानला आणि राज्यकारभार हाच पक्षाचा नवा आधार केला. शाळा, रस्ते, पाणी, आरोग्य केंद्रे यांवर भर राहिला. १९७० मध्ये कला अकादमीची स्थापना झाली. त्याच वर्षी फुटबॉलची बांदोडकर सुवर्णचषक स्पर्धा सुरू झाली. त्याच सुमारास पक्षातल्या काही आमदारांनी बंड केले, पण सरकार तरले. १९७२ च्या निवडणुकीत मगोपने १८ जागा जिंकल्या. ही त्यांची सर्वात मोठी जीत होती. तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाल्यानंतर जेमतेम दीड वर्षात, १२ ऑगस्ट १९७३ रोजी, पदावर असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ६२. मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे.

त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर पुढच्या मुख्यमंत्री झाल्या. गोव्याच्या त्या आजवरच्या एकमेव महिला मुख्यमंत्री. १९७९ मध्ये त्यांचे सरकार पडले आणि त्यानंतर मगोपला स्वबळावर सत्ता मिळाली नाही. पक्ष मात्र आजही आहे. निशाणी सिंहच आहे आणि नावात ‘महाराष्ट्रवादी’ हा शब्दही तसाच आहे.

त्या कौलाचा आजवर काय परिणाम?

१९८७ च्या फेब्रुवारीत कोकणी गोव्याची राजभाषा झाली, सरकारी कामासाठी मराठीच्या वापरालाही मान्यता राहिली. ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे २५ वे राज्य बनले. १६ जानेवारी हा दिवस गोव्यात ‘अस्मिताय दिस’ म्हणून पाळला जातो. विलीनीकरण झाले असते तर यातले काहीच घडले नसते. दुसरीकडे, खेड्यापाड्यांतली जी पिढी आज गोव्याच्या सरकारी नोकऱ्यांत आणि राजकारणात दिसते, तिची सुरुवात बांदोडकरांच्या काळातल्या शाळांत झाली, हे त्यांचे जुने विरोधकही मान्य करतात.

दमणच्या वाट्याला मात्र वेगळे भवितव्य आले. गोवा राज्य झाल्यावर दमण आणि दीव मागे उरले आणि त्यांचा स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश झाला. २६ जानेवारी २०२० पासून तो दादरा आणि नगर हवेलीशी जोडला गेला. १९६३ ते १९८७ या काळात दमणचे लोक पणजीच्या विधानसभेत आपला एक आमदार पाठवत असत. आता त्यांना विधानसभा नाही, मुख्यमंत्री नाही. केंद्राने नेमलेला प्रशासक तिथला कारभार पाहतो आणि मतदारांना लोकसभेसाठी व स्थानिक संस्थांसाठीच मत देता येते. वेगळे राहण्याचा कौल एकाच दिवशी दिलेल्या या प्रदेशाच्या तीन तुकड्यांपैकी स्वतःचे सरकार निवडण्याचा हक्क आज फक्त गोव्याकडे आहे.